जास्वंदीवरचा पहारा

नागपूर,
११ डिसेंबर १९७४

चि. श्रीधर यास केशवदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पोट आता कसं आहे? सावनेरच्या थंडीत दही खाऊ नकोस. सौ. प्रेमिलेलाही आशीर्वाद सांग. आणि मिशी अजून ठेवली आहेस ना? (सहज विचारलं. चुलत भाऊ असून लोक आपल्याला जुळे म्हणायचे, ते आठवलं.)

इकडे माझी लढाई चालू आहे. कुंपणालगतच्या माझ्या दुहेरी लाल जास्वंदीची फुलं रोज सकाळी नाहीशी होतात. हे काम शेजारच्या रुपरावांचंच, असं मी गेल्या महिन्यात कॉलनीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मी काहून नेईन जी तुमची फुलं? पाह्यलं काय कोणी मले?" झालं! पुढच्या बैठकीत फोटोच दाखवतो, नाही दाखवला तर सर्वांसमक्ष हात जोडून माफी मागतो आणि चिटणीसपद सोडतो, असं मी बोलून बसलो. ती बैठक येत्या रविवारी आहे. अकरा वर्षांचं चिटणीसपद, श्रीधर! मी ते सोडणार नाही.

तुझ्या लतिकावहिनीच्या माहेरचा डबा कॅमेरा मी झाडाखाली विटांवर ठेवला आणि त्याच्या खटक्याचा दोरा फांदीला बांधला. फांदी ओढली की फोटो. रोज एक, असे बारा दिवस बारा फोटो. स्टुडिओवाल्या कृष्णकांतने ते धुऊन दिले. चार फोटोंत नुसता धूर, पाचांत माझ्याच भिंतीचा ओल आलेला कोपरा, आणि उरलेल्या तिन्हींत दोन लांब कानांचं पांढरं काहीतरी. (कृष्णकांत म्हणतो, बकरी. मी म्हणतो, थंडीत रुपराव कानटोपी घालतात.)

कृष्णकांत म्हणाला, "काकाजी, हा डबा बसलेल्या नवरीसाठी चांगला. हलणाऱ्या माणसाचा याच्यात धूरच निघते. तोंड ओळखू याले पाहिजे तर खटका जलद पाहिजे, अन् ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून." मग त्याने स्वतःचा भारी कॅमेरा दिला. मी तो भिंतीवर तोंडाच्या उंचीला बसवला, खटक्याचा दोरा पुन्हा फांदीला बांधला, ऊन पाठीशी घेतलं, कुंपणापर्यंतचं अंतर टेपने मोजून आठ फूट लावलं. याहून चोख बंदोबस्त कुणी करून दाखवावा!

आणि फोटो आला. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. तपकिरी मफलर, आपल्या घराण्याचं नाक, एका हातात परडी आणि दुसरा हात कुंपणावरून थेट रुपरावांच्या तगरीत.

तो मी आहे. पूजेची तगर मी वीस वर्षं तिथूनच घेतो. (देवासाठी घेतलेल्या फुलाला चोरी कोण म्हणतं?) मफलर दोऱ्यात अडकला असणार. ते करतात ती चोरी, मी करतो ती पूजा, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. माफी मागणार नाही.

तुझा,
केशवदादा

ता. क. रविवारी सकाळच्या एसटीने ये. मिशी तशीच ठेव, तपकिरी मफलर आण. फोटोतला माणूस तू, पाहुणा, कुंपण कुणाचं हे तुला ठाऊक नव्हतं, एवढंच बैठकीत म्हणायचं. फोटो लपवण्याची सोय राहिलेली नाही. इतका स्वच्छ फोटो त्याच्या कॅमेऱ्यातून कधी निघाला नव्हता म्हणून कृष्णकांतने तो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला आहे.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात रुपरावांकडून परडीभर तगर आली. सोबत चिठ्ठी: "काचेतला फोटो पाह्यला. तुमची परडी अर्धीच दिसली." वाचून मला लाज वाटली, श्रीधर. फुलं देवाला वाहिली. चिटणीसपद मी तरीही सोडणार नाही. पण रविवारी तू येऊ नकोस. आणि आलासच, तर मिशी काढून ये.