कायमचा पत्ता

ती. सिग्नेताईस धाकट्या थोरकिलचा, गुडघे वाकतील तेवढा, नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? गरम पाण्यातून मध घे, आणि उत्तरेकडची खिडकी लावून घेत जा. इकडे माझी प्रकृती ठीक. अब्रू तेवढी गेली.

तू मंडळाची अध्यक्ष, तेव्हा तुझ्या कानावर आलं असेलच, पण उलटसुलट. आपल्या बेटाची विकी, म्हणजे संगणकावरचा माहितीकोश (चौदाशे पानं, त्यातली निम्मी माझ्या हातची, हे कोणी बोलत नाही) शाळेच्या तळघरातल्या सर्व्हरवरून आरहूस शहरातल्या नव्या सर्व्हरवर न्यायची होती. शाळाच बंद, तळघर कोण राखणार? (त्याच शाळेत आपण टिटवीची कविता पाठ केली. आता कुलूप. असो.) पानं सुखरूप गेली, पण त्यांचे पत्ते बदलले, आणि जुने पत्ते तर बेटभर रंगवलेले, धक्क्यावरच्या पाटीवर, चर्चच्या दाराशी, माझ्या एल्नाच्या आठवणीतल्या बाकावरच्या पितळी पट्टीवर. पोस्टमन कसा, घर बदललेल्याची पत्रं नव्या घरी नेऊन देतो, तसं जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पानावर पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला पत्ता मी अर्थातच एल्नाचा घेतला. त्या पानावर तिचा आवाज आहे. टिटवीची कविता म्हणते, तिसऱ्या कडव्यात अडखळते आणि हसते. यंत्राने विचारलं, हा बदल तात्पुरता की कायमचा? ताई, बायको जाऊन चार वर्षं झालेल्या माणसाला असं विचारतात का? मी कायमचा म्हणालो. आणि त्याच भरात, बाकाच्या एका पत्त्याला लावायचा नियम सगळ्या जुन्या पत्त्यांना लावून बसलो.

आता बोटीची वेळ बघायला जावं, तर एल्ना. चर्चची घंटा कोणी ओतली, एल्ना. हेरिंग मासा किती दिवस मुरवावा, एल्ना. बोटवाला आस्गर दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला, "थोरकिलकाका, काकू कविता म्हणतात गोड हो, पण ऐकता ऐकता चार पाहुण्यांची बोट चुकली." मी नियम दुरुस्त केला. उपयोग शून्य. पेर्निल (शाळेतली शेवटची बाई, यातलं कळतं ते तिलाच) म्हणाली, "काका, तुम्ही कायमचं म्हणालात ना? मग ज्या फोनने ते एकदा ऐकलं, तो परत विचारायला येतच नाही. सरळ काकूंकडे जातो."

माझ्या एका शब्दापायी बेट आपली आठवण हरवून बसलं, ताई.

तुझा,
थोरकिल

ता.क. एल्नाचं पानच पुसून टाकावं, असा आस्गरचा ठराव गुरुवारच्या सभेत येतो आहे. मतं तीन-तीन आहेत. उरलं तुझं.

ता.क. २. पेर्निल म्हणते, पुसायची गरजच नाही. एल्नाच्या पानाच्या डोक्यावर 'बोटीची वेळ इथे, घंटा इथे' अशी यादी लावली की भागलं. अर्ध्या तासाचं काम. हे तिने सोमवारीच सांगितलं. मी कोणाला बोललो नाही, तिलाही बोलू दिलं नाही. या आठवड्यात सहाशे बारा वेळा एल्नाचं पान उघडलं गेलं. अंत्ययात्रेला चाळीस माणसं होती. येत्या मंगळवारी तिचा वाढदिवस. तेवढा होऊ दे, बुधवारी मी स्वतः यादी लावतो. अध्यक्षाशिवाय सभा भरत नाही, हा नियम तुझाच. तेव्हा मध आत्ताच सुरू करू नकोस, आणि उत्तरेकडची खिडकी राहू दे उघडी.