रानडुकरांचं औषध

२४ नोव्हेंबर
आले एकदाची! नेरच्या स्टँडवर माझे यजमान सदाशिवराव स्वतः मोटरसायकल घेऊन उभे होते. बॅग पुढे टाकीवर, मी मागे, आणि त्यांच्या सावरडोह गावापर्यंत दोन्ही अंगांनी पांढराशुभ्र फुटलेला कापूस. मी लॉजवर राहणार म्हटल्यावर ते फोनवरच रागावले होते, घर असताना लॉज कायले म्हणून. अंगणाच्या टोकाची खोली दिली आहे. त्यांच्या बायकोने, विमलताईंनी, गरम भाकरी आणि झुणका वाढला, आणि पुण्यात राहून पोरगी वाळली असं माझ्यादेखत जाहीर केलं.

माझी फेलोशिप कशाची, हे त्यांना सांगताना मजा आली. शिंपी मापाप्रमाणे कापड शिवतो तसा डीएनए मागणीप्रमाणे बनवून देणाऱ्या कंपन्या असतात. कुणी त्यांच्याकडे रोगजंतूच्या डीएनएचे तुकडे मागवले तर ते ओळखायचे आणि थांबवायचे, हे आमचं काम. पण त्या छाननीत लहान, प्रामाणिक ग्राहकही अडकतात. सदाशिवरावांचा मुलगा कपिल असाच अडकलाय. हैदराबादेत शिकून परत आला, गोदामात प्रयोगशाळा थाटली, बोंडअळीवर औषध शोधतोय. कंपनीने त्याची मागणी रोखून आमचं मत मागवलं. मी म्हटलं, माणूस पाहिल्याशिवाय मत कसं द्यायचं? मंजुरी द्यायची वेळ आली तर मला आनंदच होईल.

२७ नोव्हेंबर
प्रयोगशाळा स्वच्छ आहे. अळ्यांचे ट्रे नीट लावलेले.
दुपारी तांड्यावरच्या बिजलीबाईने तिचं शेत दाखवलं. रानडुकरांनी तूर अशी लोळवली होती की वरून रूळ फिरवल्यासारखी. तिचा नवरा किसनसिंग रात्री पिकाच्या जागलीला असताना डुकराने त्याची मांडी फाडली. आता तो काठीशिवाय चालत नाही.

परत येऊन कपिलची मागणी पुन्हा उघडून ओळ न् ओळ तपासली, तर ती बोंडअळीची नाहीच. डुकरांच्या एका आजाराचे तुकडे आहेत, आणि तो आजार आणखी जीवघेणा करणारा बदल त्यात केलेला आहे. त्याला विचारलं. तो खोटं बोलला नाही. हो, डुकरांसाठीच, म्हणाला. साऱ्या गावाला माहीत आहे. ते त्याला ‘औषध’ म्हणतात.
मी म्हटलं, रोग शेताच्या धुऱ्यावर, बांधावर थांबत नाही. तो हसला, म्हणाला की तुम्हाला इथली डुकरं माहीत नाहीत.
कंपनीला नकार कळवला.

३० नोव्हेंबर
बातमी फुटली. सकाळी अंगणात माणसं जमली. सदाशिवराव खाली मान घालून बसलेले. बिजलीबाई सरळ माझ्यासमोर आली. “तुह्या कम्प्युटरले माह्या नवऱ्याचा पाय नाही दिसला काय वं?”
मी खोलीत परत आले.
जेवण आलं, पण उंबऱ्याबाहेर ठेवून. विमलताई थांबल्या नाहीत.

३ डिसेंबर
दुकानदार साबण देत नाही, संपला म्हणतो. समोर चळत दिसते. ऑटोवाला मला पाहून वळतो. दिवसाढवळ्या पत्र्यावर दगड पडतात.
पायीच नेरकडे निघाले. फाट्यावर गावातल्या चौघांनी अडवून परत आणलं.
संध्याकाळी कपिल आला, अगदी शांत. म्हणाला, मॅडम, तुमच्या नकाराने काही अडलं नाही. पहिला माल दुसऱ्या कंपनीकडून दिवाळीआधीच आला होता. त्यांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. त्याचं औषध करून, कणकेत घालून नाल्याकाठी ठेवून झालंय. तुम्ही अडवला तो पुढच्या खेपेसाठी.
मग त्याने फोन मागितला. सदाशिवराव दारात उभे होते. दिला.

४ डिसेंबर
दाराला बाहेरून कुलूप.

५ डिसेंबर
भर दुपारी अंगणात डुक्कर आलं. माणसांना भ्यालं नाही. नुसतं उभं, झुलत, नाकातून रक्ताची तार. मग बसलं. मग पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी गुलाल उधळला. सदाशिवरावांनी उघड्या हातांनी तंगडी धरून ओढत नेलं.
मी खिडकीतून ओरडत होते, हात लावू नका, हात लावू नका. एका बाईने माझ्यावर शेण फेकलं.

७ डिसेंबर
गावातली कुत्री. सगळी नाल्याच्या बाजूला पडलेली दिसतात. कावळेसुद्धा जवळ जात नाहीत.
सदाशिवराव खोकतात. दोन घरं पलीकडेही कुणीतरी.
कपिल खिडकीशी आला. डोळे लाल. विचारतो, माणसाला होऊ नये ना हे? तुम्ही शिकल्या ना याचंच?
मी म्हटलं, फोन दे. फोन विहिरीत टाकला म्हणाला, आणि रडायला लागला. मी म्हटलं, बाकीच्यांना सांग, कुणी गाव सोडू नका, एवढं तरी कर. तो म्हणाला, माझं आता कोण ऐकतं.

८ डिसेंबर
सदाशिवराव गेले. रडण्याचा आवाज आला, लगेच खोकल्यात बुडाला.
माझं अंग गरम नाही. अजून नाही.

९ डिसेंबर
आज बोरी अरबचा बाजार. जीप भरतेय. खिडकीतून दिसतं— बिजलीबाई, किसनसिंग काठी घेऊन, पोरं, गाठोडी. बरेचजण खोकतायत. थांबा म्हणून ओरडले, घसा फुटेपर्यंत. किसनसिंग ओरडला, “हेच रोगाची बाई! हिनंच आणला!” दगड आला. कपाळ—
रक्त पुसलं.

कुलूप निघतंय. विमलताई. किल्ली हातात, खोकून पदर लाल. उंबऱ्यातच बसल्या, मला म्हणतात, “जा पोरी, पळ.” पण दार त्यांनीच अडवलंय.
तोंडाला ओढणी बांधली.
जीप सुरू झाली. पळाले तर फाट्यावर गाठता— आडवी उभी राहिले तर थांबतील, नाहीतर अंगावर—
त्यांनी हात पुढे केलाय. उठव म्हणतात.
त्यांना उठवू की जीप अडवू? मी आधी—