मानपत्र घरपोच

अंबरनाथ, १३ जुलै

आदरणीय ताईस आणि दाजींना धाकट्याचा जयभीम, आणि राजसीला मामाकडून एक पापा. तिचा पडलेल्या दाताचा फोटो मिळाला. दातापेक्षा ती रिकामी जागाच जास्त गोड दिसते. दाजींचा गुडघा आता काय म्हणतो? आईने निर्गुडीचा पाला सांगितलाय, तो तू लावणार नाहीस हेही तिला माहीत आहे, पण सांगणं तिचं काम. इकडे आम्ही तिघंही ठीक. आईची शुगर तिच्या म्हणण्याप्रमाणे अगदी नॉर्मल आहे (तपासलेली नाही). पप्पांची तब्येत उत्तम, फक्त विहार कमिटीचे सेक्रेटरी झाल्यापासून रोज जेवणानंतर शंभर पानी वहीत सभेचं इतिवृत्त लिहीत बसतात. आई म्हणते, चार माणसांच्या कमिटीत एवढं बोलतात तरी काय.

घराघरात मोबाईल असताना हे पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटलं असेल. घरच्या ग्रुपवर पप्पा आहेत. ते सगळ्यांचं सगळं वाचतात आणि उत्तर म्हणून फक्त ‘ओके’ लिहितात, त्यामुळे कुणाला काय कळलंय याचा पत्ता लागत नाही. फोनवर बोलावं तर क्वार्टरच्या भिंती तुला ठाऊकच आहेत. तुझ्या दहावीला शेजारच्या काकूसुद्धा भूमितीत पास झाल्या असत्या. म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. मधल्या सुट्टीत वाच. हसू आलं तर आवर, परभणीत तुझा फार दरारा आहे असं दाजी सांगतात (सांगताना इकडेतिकडे बघतात).

तर, ३१ तारखेला पप्पा फॅक्टरीतून रिटायर होतायत. सेक्शनमध्ये समारंभ, स्टेजवर आईसकट सत्कार, मानपत्राचं वाचन, मग उघड्या जीपमधून क्वार्टरपर्यंत मिरवणूक. हे तुला आईने कळवलंच असेल. आईने जे कळवलं नसेल ते मी कळवतो, कारण माझ्यासाठी ही तारीख जरा वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी मी एमआयडीसीतली नोकरी सोडून घरी लॅपटॉप उघडून बसलो, तेव्हा पप्पांनी एकच अट घातली होती. त्यांच्या रिटायरमेंटपर्यंत माझं ते ऑनलाइन काय ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी कॅम्प तीनला अल्पेशभाईंच्या जीन्सच्या कारखान्यात गोडाऊन सुपरवायझर. जागा पप्पांनी शब्द टाकून राखून ठेवली. तेव्हापासून मी जरा उशिरा उठलो की आंघोळीला जाता जाता म्हणतात, ‘जागा आहे बरं का.’ दोन वर्षं ती जागा आमच्या घरात पाचव्या माणसासारखी राहतेय (तू चौथी, लग्न झालं म्हणून तुला वगळलेलं नाही).

सुरुवात मी मोठ्या उमेदीने केली. परदेशी साईटवर नाव नोंदवलं. पहिल्याच गिऱ्हाईकाने कुत्र्यांच्या बिस्किटांवर बारा लेख मागितले. मी आयुष्यात कुत्रा पाळला नाही, आपण क्वार्टरच्या मागच्या लंगड्या मोत्याला भाकरी घालायचो तेवढाच अनुभव, तरी मी बारा लेख लिहिले. त्या गृहस्थाने, आमच्या कुत्र्याचं मत घेऊन कळवतो, असं कळवलं. कुत्रा अजून विचार करतोय. मग मराठीत स्वतःचा ब्लॉग काढला, ‘शेअर रिक्षातून’ नावाचा. दर रविवारी एक लेख. रिक्षात शेजारी बसलेल्या माणसांबद्दल लिहायचं, एवढंच. वाचक बासष्ट. त्यातली एक तू, आणि एक आई (चष्मा सापडला तर).

मग मागच्या वर्षी जुलैत अल्पेशभाईंनीच एक काम दिलं. त्यांना जीन्स ऑनलाइन विकायच्या होत्या, प्रत्येकीखाली चार ओळी हव्या होत्या. मी जीव ओतला. ‘आयुष्याच्या खडतर वाटेवर अखंड साथ देणारी, झिजली तरी तक्रार न करणारी’ वगैरे. अल्पेशभाई आहेत गुजराती, पण इतकी वर्षं कॅम्प तीनच्या सिंधी वस्तीत काढल्याने सगळ्यांना ‘साईं’ म्हणतात. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘साईं, मेरेको पँट बेचनी है, रिटायर नहीं करनी.’

ताई, अपमान झाला खरा, पण परतीच्या रिक्षात माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या अंबरनाथमध्ये दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला कुणी ना कुणी रिटायर होतंच, आणि प्रत्येकाला मानपत्र लागतं, आभाराचं भाषण लागतं. लिहिणार कोण? जो माणूस पस्तीस वर्षं मशीनवर उभा राहिला त्याला ‘कृतार्थ’ हा शब्द ऐन वेळी सापडत नाही. माझ्याकडे तो पोत्याने पडलेला. आठ दिवसांत वेबसाईट उभी केली, ‘मानपत्र घरपोच’, आणि ब्लॉगच्या तळाशी बारीक अक्षरांत तिची लिंक टाकली. दहा प्रश्नांचा फॉर्म भरा, दोन दिवसांत मजकूर मिळेल, फ्रेम हवी असेल तर कॅम्प दोनमधून सोनेरी कडेची करून देऊ. घरी मात्र सांगितलं नाही. ज्या माणसाने मुलगा इंजिनिअर व्हावा म्हणून ओव्हरटाईम केला, त्याला ‘मी तुमच्या दोस्तांना निरोप देतो’ हे सांगायची हिंमत झाली नाही. घरी मी ‘फॉरेन कंपन्यांचं’ करतो.

आणि चमत्कार असा की गिऱ्हाईकं येऊ लागली. ऑगस्टमध्ये एक, सप्टेंबरमध्ये दोन. गूगलवर आपलं पान वर यावं म्हणून काय काय करायचं असतं त्याचा मी रात्रंदिवस अभ्यास केला होता. ‘अंबरनाथ निरोप समारंभ’ हे शब्द मी त्या पानावर सतरा ठिकाणी पेरले होते. त्याचंच हे फळ, अशी माझी पक्की खात्री झाली. इतकी, की मी त्यावर ब्लॉगमध्ये एक लेखही लिहिला: ‘गिऱ्हाईक आपोआप कसं येतं’. तो लेख तू वाचला असशील तर कृपया विसर.

पुढचा घोटाळा सांगण्याआधी एक आठवण करून देतो. पप्पांच्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला माहीत नसायची, मग गुरुजी सरसकट एक जून लावायचे. पप्पांचे गुरुजी जरा हौशी होते म्हणून त्यांना एक ऑगस्ट मिळाली. पण बाकी निम्मी फॅक्टरी कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली आहे आणि म्हणून एकाच दिवशी, ३१ मेला रिटायर होते. हे मला कळायला हवं होतं. ३१ मेसाठी मला एकदम चार ऑर्डरी आल्या. चौघांचे सेक्शन वेगळे, मी म्हटलं कोण कुणाचं ऐकतंय. माझ्याकडे एक हातखंडा मानपत्र आहे, त्यात माणसाला वटवृक्षाची उपमा आहे. सहकारी सावलीला बसतात, पारंब्या जमिनीत रुजतात, पाखरं येतात. नावं बदलून चौघांना तेच पाठवलं. यंदा समारंभ हॉलमध्ये एकत्र झाला. पहिलं मानपत्र वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्याला लोक एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्याला सगळा हॉल एका सुरात ‘पारंब्या’ म्हणाला. चौथे गृहस्थ फायर ब्रिगेडचे होते, ते स्वतःच उठून म्हणाले की पाखरं येऊन गेली असतील तर मी खाली बसतो.

हे सगळं मला पप्पांनीच जेवताना सांगितलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. आईने विचारलं, लिहिणारा कोण. पप्पा म्हणाले, ‘असेल कुणीतरी होतकरू. मजकूर चांगला असतो त्याचा, झाडं कमी पडतात.’ मी आमटीत मान घालून बसलो होतो.

आता मुख्य गोष्ट. परवा साईटवर नवा फॉर्म आला. पाठवणारे श्रीपादकाका. तुला आठवत असतील, पप्पांचे सेक्शनमधले दोस्त, तुझ्या लग्नात श्रीखंड वाढत होते ते. उत्सवमूर्तीचं नाव: शंकरराव, म्हणजे आपलेच पप्पा. मला आधी घाम फुटला, मग मी पुढचे प्रश्न वाचले. श्रीपादकाकांनी उत्तरं अगदी श्रीपादकाकांसारखीच लिहिलीत. ती जशीच्या तशी उतरवतो.

छंद? ‘मुलाचा ब्लॉग. आत मोबाईल न्यायला बंदी, म्हणून शंकर रात्री वहीत उतरवून आणतो आणि सोमवारी डब्याच्या वेळी वाचून दाखवतो. लांब असला तर मंगळवारी उरलेला. मध्ये कुणी उठलं तर बोलत नाही दोन दिवस.’

सहकाऱ्यांना केलेली मदत? ‘आमच्यातलं कुणी रिटायर होणार असलं की गेटबाहेर चहावाल्याकडे बसवून ही वेबसाईट उघडून देतो, फॉर्म स्वतः भरून देतो. आजपर्यंत अकरा जणांचे भरले. बाराव्या वेळी आम्ही त्याला भरू दिला नाही.’

एखादा दोष? ‘झाड बदल, हे मुलाला तोंडावर सांगता येत नाही.’

विशेष सूचना? ‘नरेंद्र, बेटा, हे मी सांगितलं असं शंकरला कळू देऊ नको.’

माझी एकूण गिऱ्हाईकं किती, असं तू विचारशील. अकरा. गूगलचा त्यात काडीचा संबंध नाही. सतरा ठिकाणी पेरलेले ते शब्द अजून उगवायचेत.

ताई, मी तो फॉर्म तीनदा वाचला आणि मग लॅपटॉप मिटून गच्चीवर जाऊन बसलो. मला रडू आलं, ते लपवत नाही. संध्याकाळी खाली आलो तर पप्पा चटईवर बसून वहीत लिहीत होते. मी विचारलं, काय चाललंय. म्हणाले, इतिवृत्त. मी म्हटलं, बरं. वहीवर रविवारच्या लेखाची पहिली ओळ मला उलटीसुद्धा वाचता आली. त्यांनी वही झाकली नाही.

पण मग अटीचं काय? माझं काम स्वतःच्या पायावर उभं राहिलं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पाय त्यांचेच आहेत. अकरा माणसं चहावाल्याकडे बसवून आणलेली, माझ्या लेखणीवर आलेली नाहीत. अट म्हणजे अट, आणि आपण त्यांचीच पोरं आहोत. तेव्हा मी एक तारखेपासून गोडाऊनला जायचं ठरवलंय. ब्लॉग रविवारी चालू ठेवीन, नाहीतर ते सोमवारी वाचणार काय. तू थोरली आहेस, माझं काही चुकत असेल तर कान धर. पण पत्रानेच धर, ग्रुपवर नको.

दाजींना नमस्कार सांग, राजसीला सांग की मामाने दाताच्या जागेवर लेख लिहायला घेतलाय.

तुझा,
नरेंद्र

ता.क. १: खरं काम वर लिहायचं धाडस झालं नाही. ते मानपत्र तू लिहून पाठव. अकरा परक्या माणसांचं मी एकेका बैठकीत लिहिलं, पण पप्पांचं लिहायला बसलो की ‘आमचे पप्पा’ इतकंच होतं आणि पुढे काही येत नाही. तुला माझ्याहून सहा वर्षं जास्त मिळालेत ते. चार ओळी चालतील. फ्रेमवाल्याला मजकूर २५ तारखेपर्यंत द्यायचाय. खाली नाव ‘मानपत्र घरपोच’ असंच जाईल, मनाला लावून घेऊ नको.

ता.क. २: ३१ला तुम्ही तिघं या. जीपमध्ये जागा आहे. श्रीपादकाकांनी राजसीला ड्रायव्हरशेजारी बसवायचं कबूल केलंय.

ता.क. ३: पत्र बंद करून खिशात ठेवलं आणि पोस्टात जायच्या आधी कॅम्प तीनला गेलो, अल्पेशभाईंना सांगायला की एक तारखेपासून येतो. ते म्हणाले, ‘कौनसी जगह, साईं? वो तो तेरे पापा पिछले साल होली में ही मना करके गये. बोले, किसी और लडके को दे दो, हमारे नरेंद्र का खुद का काम है, उसको टाइम नहीं मिलेगा.’ ताई, मागच्या वर्षीच्या होळीला माझ्याकडे एकसुद्धा गिऱ्हाईक नव्हतं.