तुळईवरची तारीख

अप्पा,

आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. मी पाचवीत होते. एका रविवारी तुम्ही मला जयनगरच्या बांधकामावर नेलंत.
२. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतून नऊ दिवस झाले होते. चौदा दिवस भरेपर्यंत खालचे टेकू काढायचे नव्हते.
३. तुळईवर खडूनं लिहिलेली स्लॅब ओतल्याची तारीख पाणी मारून पुसली गेली होती. ती परत लिहायला तुम्ही मला सांगितलंत. मी त्या रविवारची तारीख लिहिली.
४. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तापानं घरी होता. सुतार मिस्त्री स्लॅब ओतताना दुसरीकडे होता. त्यानं तारीख वाचली, अजून चौदा दिवस आहेत असं समजून तो माणसं घेऊन दुसऱ्या कामावर गेला. तिथं अडकला.
५. काम एकोणीस दिवस रखडलं. तुम्हाला साइटवरून काढून येलहंक्याच्या गोदामात बसवलं.

शाळेत वहीच्या कोपऱ्यात आजचीच तारीख घालतात. दुसरी कुठली घालायची असते हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही ‘स्लॅबची तारीख घाल’ म्हणून पाण्याच्या पाइपाकडे गेलात. मी स्टुलावर उभी आहे, मिस्त्रीनं स्टूल धरलंय. “अण्णा, अक्काचं अक्षर बघा! उद्यापासून तारखा हिलाच घालू दे. तुमचं वाचायला डॉक्टर आणावा लागतो.” तुम्ही लांबूनच हसलात. “वाचता येतंय ना? मग आधी वाच, नंतर टेकूला हात लाव.” त्यानं तेच केलं. तुम्ही जवळ येऊन आकडे पाहिलेत की माझ्यावर विश्वास ठेवलात, हे मला अजून ठरवता येत नाही.

गोदामात गेल्यावर तुम्ही सिमेंटच्या पोत्यांची नोंदवही ठेवायचात. सुट्टीत मी शेजारी बसायचे. एकदा मी चुकलेला आकडा रबरानं खोडला, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात. “नोंद खोडायची नाही. एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिही आणि सही कर.” मग तुमचं पेन मला देऊन टाकलंत. ते आता चालत नाही, पण माझ्याकडे आहे. मी दहावीत असताना तुम्ही गेलात. गोदामातूनच.

आता मी नोकरी करत प्रकल्प व्यवस्थापनात एम.टेक. करते. प्रबंधासाठी रखडलेलं एक काम घेऊन प्रत्येक उशिराचं कारण शोधायचं होतं. मी जयनगरचंच काम घेतलं. बसवनगुडीच्या तुमच्या जुन्या ऑफिसनं फाइल दिली. मी कुणाची मुलगी ते सांगितलं नाही. आकडेमोड सरळ आहे. पुढची सगळी कामं त्या स्लॅबवर अवलंबून होती, मध्ये एकही मोकळा दिवस नव्हता, म्हणून एकोणीसच्या एकोणीस दिवस शेवटापर्यंत पोचले.

फाइलीत तुम्हाला दिलेली नोटीस आहे. तीन दिवसांत खुलासा करावा. खाली तुमच्या न वाचता येणाऱ्या अक्षरात एक ओळ: ‘तारीख मी लिहिली. चूक माझी.’ तुमची मला माहीत असलेली ही एकच खोटी नोंद.

मी तक्त्यात कारण लिहिलं: पर्यवेक्षकाची चूक. आमच्या मॅडमनी तिथं बोट ठेवलं. “त्यांना विचारलंस?”

“ते हयात नाहीत, मॅडम.”

“मग तेव्हा साइटवर असलेलं दुसरं कुणी?”

“बघते,” म्हणाले.

कुणावर उशीर टाकायचा असेल तर आधी त्याला कळवायचं, म्हणणं मांडायला मुदत द्यायची, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. म्हणून हे पत्र. ते टाकायला पत्ता नाही. प्रबंधाच्या फाइलीतच राहील.

एक गोष्ट वरच्या क्रमात लिहिली नाही. नोटीस आली त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. “इतकी वर्षं कामं केलीत, आणि एक तारीख नीट घालता येऊ नये?” तुम्ही भाकरी मोडलीत, म्हणालात, “आमटी वाढ.” मी पाटावर अभ्यास करत होते. वहीच्या कोपऱ्यात नुकतीच तारीख घातली होती. मला त्याच क्षणी कळलं. मी मान वर केली नाही, आणि पुढची पाच वर्षं, गोदामात तुमच्या शेजारी बसूनही, बोलले नाही.

तुम्ही माझ्यासाठी लिहिलेल्या ओळीवर मी एक रेघ मारून, शेजारी खरं लिहून, सही करणार आहे. खालचं वाचता येईल. तुमची हरकत असेल तर सांगा. मला ठाऊक होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का, तेही सांगा.

प्रबंध शनिवारी द्यायचा आहे. कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.