आधीच लिहिलेला ठराव

मयूर विहार, दिल्ली
१४ मार्च १९९९

प्रिय विनया,

अक्षर ओळखू आलं असेल तर पत्र लगेच फाडू नकोस, एवढंच सुरुवातीला सांगते. हरीश गेल्यावर तुझं दोन ओळींचं कार्ड आलं. एकवीस वर्षांत तुझ्या हातचा तो पहिला कागद. भेटायला आलेल्या माणसांच्या गर्दीत मी तो वाचला आणि ब्लाउजमध्ये खोचून ठेवला, कारण त्या दिवसांत आमच्या घरातला प्रत्येक कागद अविनाशराव उचलून बघत होते. आपल्या प्रांतिक लोकपक्षाचे सरचिटणीस अजून तेच आहेत. केस पांढरे झालेत, आवाज तोच आहे, आणि दुसऱ्याच्या घरात शिरून आपणच पाहुण्यांना बसा म्हणायची सवयही तीच.

हरीशची फुप्फुसं नोव्हेंबरपासूनच दमली होती. पंचवीस जानेवारीला सकाळी गेला. सोसायटीतल्या बायकांनी तेरा दिवस आमची चूल पेटू दिली नाही. दिल्लीत राहूनही इथे निम्मे बिऱ्हाडकरू पुण्या-मुंबईचेच आहेत. पुष्कर सत्तावीस वर्षांचा झाला. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि तुझ्या पिशवीतली चिंच खाऊन त्याचे दात आंबले होते. आता तो गुडगावला एका अमेरिकन कंपनीत आहे. एकदा त्याचं ऑफिस बघून आले. आजूबाजूला सरसोंची पिवळी शेतं आणि मधेच काचेची उंच इमारत. वीज गेली की जनरेटरची घरघर सुरू होते आणि शेतातली माणसं मान वर करून बघतात. मुलगा गुणी आहे. बापाच्या आजारपणात रोज पन्नास किलोमीटर गाडी हाणून हॉस्पिटलात येत होता. फक्त त्याचं मराठी बाराव्या वर्षीच थांबलं, कारण त्याच वर्षी हरीश खासदार म्हणून निवडून आला आणि आम्ही दिल्लीला आलो. घरात बोलतो, पण अवघड शब्द आला की हिंदीत पळतो.

एकवीस फेब्रुवारीला रविवार होता. पुष्कर म्हणाला, चल आई, बाहेर जेवू, घरात बसून तू वाळत चालली आहेस. मला बरं वाटलं. गुडगावच्या पुढे मानेसरच्या रस्त्यावर नवीन झालेल्या एका हॉटेलात त्याने नेलं. हॉलचं दार उघडलं तर आत आपले सगळे जिल्हाध्यक्ष बसलेले. तीस-बत्तीस माणसं. मी आत गेल्यावर सगळी उठून उभी राहिली. समोरच्या भिंतीवर दहा हात लांब कापडी फलक होता, त्यावर हात जोडलेला पुष्कर आणि खाली 'आमचे नवे अध्यक्ष'.

विनया, मी तिथेच थांबले. कुणीतरी खुर्ची दिली. आपल्या पोराचा एवढा मोठा चेहरा बघायची सवय नसते माणसाला. मी चेहरा सोडून त्याच्या अंगातल्या कुर्त्याकडे बघत राहिले. पुष्कर कुर्ता घालत नाही. तो कुर्ता हरीशचा होता, मोतिया रंगाचा, गळ्याशी बारीक कशिदा असलेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरीशचा हात सुजला तेव्हा सलाइन लावायला त्याच कुर्त्याची बाही मी कात्रीने उभी कापली होती. फलकावर दोन्ही बाह्या धड होत्या. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. हरीश उशीला टेकून बसत होता, चहा मागत होता, डॉक्टर सुधारेल म्हणत होते, तेव्हाचा.

तुला आठवतं, आपण दोघी पक्षात आलो ते वर्ष? सहासष्टचं अधिवेशन, सेलूच्या जिनिंगच्या आवारात. कापसाचे तंतू सगळ्यांच्या केसांत. पक्ष काढणारे खंडेराव गुरुजी अध्यक्षपदाला उभे होते आणि त्यांच्यासमोर अंबादास टेलर. दोघांना भिंतीकडे तोंड करून बाकावर बसवलं होतं, म्हणजे कोणी कोणासाठी हात वर केला ते त्यांना कधीच कळू नये. हा नियम गुरुजींचाच. आपण दोघींनी हात मोजले, आठवतं ना? तू डावीकडचे आणि मी उजवीकडचे. गुरुजी अकरा हातांनी हरले. बाकावरून उठले, अंबादासला हार घातला, आणि पुढची दोन वर्षं त्याच्या सभांच्या जाहिराती स्वतः भिंतींवर रंगवत फिरले. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. पक्ष असेच असतात असं वाटलं होतं.

हॉटेलात अविनाशरावांनी इतिवृत्ताची वही उघडून माझ्यासमोर ठेवली. तीच, लाल कापडी बांधणीची, जाड. म्हणाले, ताई, इथे तेवढी सही करून टाका म्हणजे अकरा एप्रिलच्या अधिवेशनात वेळ जायला नको. मी वाचलं. 'अध्यक्षपदी श्री. पुष्कर यांची सर्वानुमते निवड करण्यात येत आहे. सूचक : श्रीमती पद्मजाताई. अनुमोदक : श्री. अविनाशराव. टाळ्यांच्या गजरात ठराव मंजूर.' अजून न भरलेल्या अधिवेशनाच्या टाळ्यासुद्धा लिहून झालेल्या होत्या. तारखेची जागा कोरी होती. आणि अक्षर हरीशचं होतं.

नोव्हेंबरात वॉर्डमध्ये तो दोन दिवस काहीतरी लिहीत होता. मी विचारलं तर पक्षाचं काम आहे म्हणाला. हात कापत होता म्हणून मी वहीखाली उशी सरकवून धरली होती. त्या पानावर एका ओळीचा शेवट खाली घसरलाय. तेव्हा त्याला खोकल्याची उबळ आली होती आणि मी एका हाताने उशी धरून दुसऱ्याने त्याची पाठ चोळत होते. माझं नाव सूचक म्हणून लिहिताना मी त्याच्यापासून वीतभर अंतरावर होते, विनया. त्याने मला विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी सही करेना म्हटल्यावर अविनाशराव हसले. समजूत काढायच्या सुरात म्हणाले, "ताई, यात नवीन काय आहे? अठ्ठ्याहत्तर सालीही हरीशरावांनी ठराव आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. सूचक विनयाताई. दुसऱ्या दिवशी झालं ना तसंच?"

ते सहज बोलले. त्यांना वाटलं मला माहीत आहे.

मी मागची पानं उलटली. अठ्ठ्याहत्तरचं पान सापडलं. वरची तारीख निळ्या शाईत आणि बाकी सगळा मजकूर काळ्या शाईत. तुझं नावही काळ्यातच.

आता ती सकाळ मला लिहिलीच पाहिजे. तेव्हा चार जिल्हे तुझ्या बाजूचे होते, दोन हरीशच्या. हात वर झाले असते तर तू अध्यक्ष झाली असतीस, हे आवारातल्या पोरासोरांनाही कळत होतं. हरीश चार दिवस जेवत नव्हता. मला काहीच म्हणत नव्हता, नुसता सुस्कारे टाकत होता आणि लढत झाली तर पक्ष फुटेल असं भिंतीला सांगत होता. त्या सकाळी मी पुष्करचा हात धरून धर्मशाळेत तुझ्या खोलीवर आले. तू वेणी घालत होतीस. मी तुला म्हटलं, तू एकटी आहेस, तुझं काय अडतंय, हरीशला हे मिळालं नाही तर माझा संसार मोडेल. याहून वाईट एक वाक्य म्हटलं होतं. ते तुला आठवत असेल, इथे लिहवत नाही. तू वेणी अर्धीच सोडलीस. अर्ज फाडलास, पुष्करला चिंच दिलीस आणि मांडवात जाऊन स्वतःच हरीशचं नाव सुचवलंस. टाळ्या झाल्या. त्यानंतर सात वेळा हरीश सर्वानुमते निवडून आला. कुणाला परत हात वर करावा लागला नाही, मोजायला आपणही लागलो नाही. आघाड्यांच्या दिवसांत आपल्या तीन खासदारांनाही भाव आला, लाल दिव्याच्या गाड्या आमच्या गेटाशी थांबायला लागल्या, आणि मी सगळ्यांना सांगत आले की आमच्या पक्षात कसं एकमत असतं.

एकवीस वर्षं मी समजत होते की ते पाप माझं एकटीचं आहे. नवऱ्याच्या प्रेमापोटी, त्याला न सांगता, मी मैत्रिणीचा गळा कापला. त्याला कळलं तर काय वाटेल म्हणून मी त्याच्यापाशी कधी बोलले नाही. आणि त्याने आदल्या दिवशीच काळ्या शाईत तुझं नाव लिहून ठेवलं होतं. मी सकाळी उठून तुझ्याकडे जाणार, काय बोलणार आणि तू काय करणार, हे त्याला ठाऊक होतं. चौतीस वर्षांच्या संसारात मला एवढं कुणी वाचलं नाही. त्या हॉलमध्ये बसून मला रडू आलं नाही. अंगावर एकदम थंडी भरली. शेजारच्या जिल्हाध्यक्षांनी आपली शाल दिली. त्यांना वाटलं मला हरीशची आठवण आली.

परतताना गाडीत पुष्करला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? त्याने काही लपवलं नाही. नोव्हेंबरात बाबांनीच बोलावून सांगितलं म्हणाला. मी म्हटलं, तू आयुष्यात आपल्या एका तरी सभेत शेवटपर्यंत बसला आहेस का? त्याने गाडी धौला कुआंच्या अलीकडे कडेला घेतली.

"आई, कंपनीतही प्रेसिडेंटला कोणी व्होट देत नाही. बोर्ड ठरवतं," तो म्हणाला. मग पुढे, "आणि बाबांच्या नाकात नळ्या होत्या. मी नाही कसं म्हणणार होतो?"

त्याचे डोळे भरले होते. तो लबाड नाही, विनया, हे तुला कळावं असं मला वाटतं. त्याने खिशातून ठरावाची झेरॉक्स काढली आणि बोट ठेवून विचारलं, "ये 'सूचक' का मतलब क्या होता है? विटनेस?" मी त्याला समजावलं की सूचक म्हणजे जो स्वतः विचार करून एखाद्याचं नाव पुढे करतो तो. त्याने झेरॉक्सची घडी करून परत खिशात ठेवली. म्हणाला, मग तुला तर विचारायलाच हवं होतं. एवढं कळलं त्याला. पण नाही म्हणायला तो अजून धजत नाही. मेलेल्या बापाला नाही म्हणणं जिवंत बापाला म्हणण्यापेक्षा अवघड असतं, निदान त्याच्यासाठी.

मी अविनाशरावांना लेखी कळवलं की मी सूचक होणार नाही. मला वाटलं आता सगळं थांबेल, धावपळ होईल, कुणीतरी समजवायला येईल. चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. ताईंची प्रकृती बरी नसल्यामुळे सूचक म्हणून दुसऱ्या एका जिल्हाध्यक्षांचं नाव घातलं आहे, विश्रांती घ्यावी. माझ्या नकारावर त्यांनी एक रेघ मारली आणि वर दुसरं नाव लिहिलं. त्या दिवशी मी गुरुजींनी लिहिलेली पक्षाची घटना काढून पहिल्यापासून वाचली. ती कुणी बदललेली नाही. बदलायची गरजच पडली नसावी. त्यात आहे की कोणताही जुना सभासद अधिवेशनात नाव सुचवू शकतो, उमेदवाराची लेखी संमती एकतीस मार्चपर्यंत पोचली पाहिजे, आणि दोन नावं आली तर हात मोजल्याशिवाय निवड होत नाही. सभासदांच्या यादीत जिंतूर तालुक्यात तुझं नाव अजून आहे. दर वर्षी ती यादी टाइप होऊन यायची तेव्हा मी तुझं नाव शोधायचे आणि ते दिसलं की पुढचं पान उलटायचे.

म्हणून हे पत्र. सोबत संमतीचा अर्ज आहे, सूचक म्हणून माझी सही त्यावर केली आहे. अकरा एप्रिलला सेलूला मी उभी राहून माझ्या मुलाविरुद्ध तुझं नाव घेईन. पुष्करला हे काल सांगितलं. तो जेवला, आणि जाताना म्हणाला की मला सेलूला तोच गाडीने घेऊन जाईल. तू हरशील असंही होईल, जिल्हाध्यक्ष सगळे अविनाशरावांचे आहेत. तुझी इच्छा नसेल, किंवा माझ्या हातून आलेला कागद तुला घरात नको असेल, तर तो चुलीत घाल. मी दुसरं कुणी शोधेन. मिळालं नाही तर एकटीच हात वर न करता बसेन. पण सही कर, असं मी तुला म्हणणार नाही. तुझ्या दारात येऊन तू काय करावंस ते मी एकदा सांगितलं आहे. या वेळी तू ठरव.

उत्तर आलं नाही तरी तुझीच राहणारी,
पद्मजा