हरताळकेचा माठ

काशीराम, खोकला कसा आहे? प्रेमा, साखर तपासलीस का गं? द्रौपदीवन्सं, तुमचे गुडघे? आधी विचारून घेते, कारण हा कागद वाचाल तेव्हा विचारायला मी नसेन.

मी, शेवंती दत्ताराम घाडी, वय अंदाजे सदुसष्ट, राहणार कांदिवली पूर्व, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दाबाखाली न येता लिहिते की, माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावं. अक्षरं मी वाण्याच्या पुड्यांवरून शिकले, सही येते. सबब माझ्या अंगठ्याचा दुसरा कागद कुणी पुढे केला तर तो खोटा समजावा. हा कागद शेजारच्या शुभाकडे राहील. आमच्या पेटीच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, देव जाणे.

१. माझ्या नावावरची चाळीतली खोली सून प्रेमा हिला एकटीला. काशीराम, रागावू नकोस. तू भोळा सांब, आत्या म्हणेल तिथं मान हलवणार. उद्या तुझ्या छातीचं बरंवाईट झालं तर "हिनंच उपास मोडला" म्हणून हिला बाहेर काढतील, असा माझा पक्का संशय आहे.

२. संशय उगाच नाही. यजमान गेले त्या वर्षी हरताळकेला वन्सं बोरिवलीहून आल्या, माठात आतून कोळशानं पाण्याची खूण केली आणि सकाळी म्हणाल्या, "वहिनी, पाणी खाली गेलां गो. घोट घेतलंस काय?" माझ्या जिभेला थेंब लागला नव्हता. मातीचा माठ पाझरतो, हे कुंभाराच्या गाढवालाही ठाऊक. पण दिवाळीनंतर यजमान गेले, आणि तेराव्याला तो माठच माझ्याविरुद्ध साक्षीला उभा केला. गिरणीतला कापूस त्यांच्या छातीत किती गेला, त्याला कुणी खूण केली नव्हती.

परवा दारामागून ऐकलं. वन्सं प्रेमाला सांगत होत्या, "यंदा निर्जळीच कर हां, नवऱ्याच्या छातीसाठी." डॉक्टर म्हणतात, ही उपाशी राहिली तर पडेल. मी सगळं ध्यानात ठेवलंय.

३. तो माठ द्रौपदीवन्संना. भरावा, खूण करावी, एकट्यानं दार लावून निजावं, सकाळी बघावं. मग काय बोलायचं ते बोलावं.

४. स्टोव्ह काशीरामला. हरताळकेच्या सकाळी त्यावर बायकोला बिनसाखरेचा चहा आणि भाकरी करून द्यावी. तुझे बाबा माझ्या उपासाला दोन्ही वेळ जेवून "मीठ कमी पडलं" म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्यासाठी जन्मात कुणी उपास धरला नाही, तरी मी एवढी जगले की.

५. शेवटचं पाणी माझ्या तोंडात प्रेमानं घालावं. हे शुभाला आत्ताच सांगून ठेवलंय, कागद निघेपर्यंत उशीर व्हायचा. प्रेमा, आधी तू पोटभर पी, सगळ्यांच्या देखत. मग मला घाल.

सही : शेवंती दत्ताराम घाडी

साक्षीदार :
डॉ. श्यामकांत राजाध्यक्ष (शुद्धीवर असल्याची खात्री केली)
शुभा सीताराम परब, शेजारी

कांदिवली, दि. २० ऑगस्ट १९८६