फोटोखालचे आशीर्वाद

४ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागदावर लिहायची सवय मोडली आहे, अक्षराला हसू नकोस. विद्यापीठातले तुझे फोटो दिसेनात, म्हणून फोन बिघडला समजून डेपोत टाइमकीपरला दाखवला. तो नाकाने कांदे सोलणारा. सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर म्हणाला, फोन ठणठणीत आहे, तुमच्या मुलीनेच तुम्हाला बंद केलंय. सगळे आपापल्या चहात बघायला लागले. परीक्षा असेल, असं म्हणून मी हसलो खरा, पण कान लाल झाले होते. दुपारची गाडी काढताना कुणाला तोंड दाखवू नये असं वाटत होतं.

माझं काय चुकलं? तुझी आई म्हणते, फोटोखाली कुणी मायना घालून पत्र लिहितं का? अगं, मायन्याशिवाय लिहायचं म्हणजे दार न वाजवता खोलीत शिरल्यासारखं वाटतं. तेवढंच असेल तर नाही लिहिणार, नुसतं बघेन. लोभ आटू देऊ नकोस.

तुझे बाबा

९ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

होय, मीच बंद केलं. जिन्यावरच्या फोटोखाली तुम्ही लिहिलंत की डोळे ओढलेले दिसतात, जेवतेस ना, आणि पोट साफ होतं का असं आई विचारते. होस्टेलच्या मुलींनी ते मेसमध्ये मोठ्याने वाचलं. तेव्हापासून मला ठमी म्हणूनच हाक मारतात. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या फोटोला खूप लाल बदाम आले. पण जेवलीस का, असं त्यांतल्या कुणी विचारलं नाही, आणि मी खरंच जेवले नव्हते. फोटोत माझ्याबरोबर आहेत त्या माझ्या मैत्रिणीही नाहीत. फोटोपुरती मीच त्यांच्यात उभी राहिले. मग त्या कॅन्टीनला गेल्या आणि मी खोलीवर. पलंगावर पडून दुसऱ्यांची मजा बघत राहते, मग आपलीही दाखवावी लागते. पहिल्या चाचणीला मी बसलेच नाही.

हे लिहिताना मान वर होत नाही. तुम्हाला पुन्हा चालू केलंय. रागवा, पण अबोला धरू नका, लोभ कमी करू नका.

आपली मुलगी

१३ सप्टेंबर

चि. ठमीस (तू म्हणशील तर हे नावही बंद),
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग नाही, लाज वाटते. डोळे ओढलेले मला दिसले होते. जेवतेस ना, याचं उत्तर आलं नाही, तरी तोच फोटो डेपोभर मिरवला, पोरगी बघा कशी मजेत आहे म्हणून. पाहिले तुझे डोळे आणि विश्वास ठेवला दातांवर. एक फोन करायचा, तर म्हटलं सुखात आहे, कशाला मध्ये मध्ये करा. बाप म्हणवतो आणि हे असं.

चाचणीचं नंतर बघू, तेवढ्याने आभाळ कोसळत नाही. रविवारी रजा टाकली आहे. आई डबा देते आहे. मी गेटपाशीच थांबेन, युनिफॉर्म घालणार नाही. कुणी विचारलं तर निरोप घेऊन आलेला ड्रायव्हर आहे म्हण, मला वाईट वाटणार नाही. डबा माझ्यासमोर खायचा, एवढाच लोभ असू दे.

तुझे बाबा

१६ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गेटपाशी थांबू नका. वर या. दुसरा मजला, जिन्याला लागून खोली. युनिफॉर्म घाला, नाहीतर काहीही घाला.

तुम्ही येणार असं मुलींना सांगितलं. एकीने हात उंचावून मोठ्या आवाजात अनेक उत्तम आशीर्वाद दिले. सगळ्या हसल्या. आणि बाबा, सगळ्यांत आधी मी हसले. सवयच लागलीय. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, परत आले आणि म्हटलं की ते मला लिहिलेलं होतं, तुम्हाला नाही, पुन्हा वाचायचं नाही.

डबा दोघांचा आणा, एकटीने जेववत नाही. लोभ आहेच, तो मीच सांभाळला नाही. आईला सांगा, पोट साफ होत नाही.

तुमची ठमी